भिंतीवरची शिंगे कोणाची

मी, एमेलिया कासुबा, कै. सायमन कालाबा याची विधवा, म्वेन्याची आई, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शेती व ज्वारीची दारू करून विकणे, राहणार चिलेंगा, लुआंग्वा नदीकाठ, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्ध जागेवर आहे. नजर अधू झाली आहे, पण कोण कशासाठी दारात आला हे दिसण्याइतकी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ज्यांनी आणून पाहिले त्यांची नावे खाली येतील. यापूर्वी मी तोंडाने कोणाला काही देऊ केले असेल, तर ते दारूच्या मडक्यापाशी बसून बोललेले समजावे व रद्द धरावे.

कचेरीतल्या कारकुनाने मला नमुना दिला. त्यात मयत नवऱ्याचा उल्लेख 'ते' असा आदराने केलेला होता. मी 'तो' लिहिणार आहे.

कलम पहिले. माझे पक्क्या विटांचे पत्र्याचे घर, मागचे कोठार व नदीलगतचा मक्याचा तुकडा हे सर्व माझी मुलगी म्वेन्या हिला द्यावे. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे व तिला घराची गरज आहे. कालाबाच्या बहिणीचा मुलगा फेस्टस याचे म्हणणे असे की मामाचा वारस भाचा, म्हणून घर त्याचे. मामाचे नाव आणि कीर्ती भाच्याकडे जाते, हा आमचा रिवाज मला कोणी शिकवू नये. पण हे घर मामाचे नाही. ते माझ्या दारूच्या मडक्यांतून उभे राहिले. बांधकाम चालू असताना कालाबाने ओसरीवर बसून सूचना दिल्या. त्या सूचनांवर फेस्टसचा हक्क मला मान्य आहे.

कलम दुसरे. ओसरीच्या भिंतीवर टांगलेली शिंगे. या कलमाला वेळ लागेल. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावे.

नदीच्या वरच्या अंगाला परदेशी पाहुण्यांचा कॅम्प आहे. तिथे फेस्टस संध्याकाळी शेकोटीपाशी पाहुण्यांना मामाच्या शिकारीच्या गोष्टी सांगतो. मामा मेल्यावर रिवाजाप्रमाणे त्याने मामाचे नाव घेतले आणि नावाबरोबर 'चिबिंदा' ही पदवीही घेतली. चिबिंदा म्हणजे नुसता शिकारी नव्हे. ज्याच्या मर्तिकाला गावोगावच्या बंदुका झाडतात आणि शिकारी नाचतात, तो चिबिंदा. फेस्टसने आजवर उंदीर मारला असेल तर तो पायाखाली आला म्हणून. मागच्या महिन्यात तो माझ्याकडे आला.

"मामी, ती शिंगं कॅम्पच्या दारावर लावतो. पाहुण्यांना चिबिंदाच्या हातची शिकार बघायची असते."

"कुठल्या चिबिंदाच्या?"

"कुठल्या म्हणजे? मामाच्या."

"जेवून जा," मी म्हटले. मला त्याला जे सांगायचे होते ते इथे लिहिते.

कालाबाने शिकार का धरली, याची फेस्टस सांगतो ती गोष्ट अशी की कालाबाचा मेलेला मामा स्वप्नात आला आणि म्हणाला, माझी बंदूक उचल. स्वप्न पडले हे खरे असेल. पण ते कधी पडले? कालाबा तांब्याच्या खाणीवरून परतला तेव्हा. इतरांनी सायकली आणल्या, रेडिओ आणले. हा हात हलवीत आला. माझ्या आईने त्याला विचारले, "जावईबापू, सामान मागून येतंय का?" त्यानंतर पंधरवड्यात मामा स्वप्नात आला. रिकाम्या हाताने परतलेल्या पुरुषाला दृष्टांत होतातच. रानात गेला की निदान घरात बसल्याचे कोणी म्हणत नाही.

त्याने आयुष्यात एक रानरेडा मारला. तोही पुरता नाही. गोळी लागल्यावर रेडा वळला, कालाबाला शिंगावर घेतला, त्याचे खुब्याचे हाड मोडले, आणि मग आपल्या सवडीने पलीकडच्या ओढ्यात जाऊन मेला. गिधाडे उतरली तेव्हा लोकांना कळले.

कालाबाला झोळीतून आणला. शिकारी जखमी झाला की आमच्याकडे कोणी बंदूक बघत नाही, बायको बघतात. नवरा रानात असताना बायकोचे पाऊल वाकडे पडले तर जनावर उलटते, असा समज आहे. कालाबाची थोरली बहीण वेरोनिका, म्हणजे फेस्टसची आई, सगळ्या गावासमोर माझ्यापुढे उभी राहिली.

"खरं सांग. कुणाबरोबर होतीस?"

"वन्सं, मी तुमच्या उखळावर कांडत होते. दुसरं मुसळ तुमच्या हातात होतं."

"मधे पाण्याला गेली होतीस."

"तुम्हीच पाठवलंत."

लोक हसले, पण निकाल तोच लागला. डोके भादरून, राख लावून मला गावाच्या हमरस्त्यावरून फिरवले. म्वेन्या पाठीला बांधलेली होती. कालाबा झोळीत पडून बघत होता आणि शुद्धीत होता.

हाड सांधायला लागले तेव्हा एका दुपारी त्याने आपणहून सांगितले. "बारूद दमट होती. भरतानाच कळलं होतं मला."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"चिबिंदाची बारूद दमट म्हणून लोक हसले असते."

म्हणजे बारूद दमट असण्यापेक्षा बायको नासलेली बरी. आमच्या घरात दोन दारू होत्या, एक मडक्यातली आणि एक बंदुकीतली. माझी कधी बिघडली नाही, एवढेच नोंदवून ठेवते.

पुढच्या वर्षी पावसाने ओढ दिली. मका कंबरेएवढा होऊन करपला. कालाबाचा पाय आखूड झाला होता, आणि रानाकडे तोंड केले की त्याला घाम फुटे. ठासणीची बंदूक आढ्याला टांगलेली होती. मी ती खाली काढली. तो चटईवरून म्हणाला, "बायकांनी हात लावायचा नाही."

"मग तुम्ही लावा."

मग तो सांगू लागला. एवढी बारूद घाल. चिंधी ठास. वारा तोंडावर घे. श्वास सोड, मग चाप ओढ. शिकवण्यात तो वाईट नव्हता, हे त्याच्या बाजूने लिहिते.

पहिल्यांदा मारला तो इम्पाला हरणाचा नर. खांदा काळानिळा पडला. मला काही देवाचे दर्शन झाले नाही, मेलेला मामा भेटला नाही. मी त्याच्याकडे बघितले आणि आधी हा उचलायचा कसा, असा विचार आला. त्यानंतर आमचा शिरस्ता ठरला. कालाबा काठी टेकत शेताच्या माचाणावर जाऊन बसे, पीक राखायला. मी लाकडाला म्हणून रानात जाई, बंदूक मोळीत. आवाज झाला की गाव म्हणे, लंगडा झाला तरी माचाणावरून नेम चुकत नाही. मी मांस मोळीतून माचाणाखाली आणून टाके आणि मग कालाबा गावाला हाक मारी.

वाटणीत शिकाऱ्याच्या थोरल्या बहिणीचा मान पहिला. वेरोनिका काळीज घेऊन बसे. एकदा माझ्याकडे बघत चघळता चघळता म्हणाली, "बघ, तुझं पाऊल सरळ पडायला लागलं तसा माझ्या भावाचा नेमही सरळ झाला." मी तिला आणखी वाढले.

माझ्या हाताने शिकार झाली ती वर्षे थोडी नव्हती. भुकेसाठी धरली, हे खरे. पण नंतर पाऊस चांगला झाला, तरी मी जात राहिले. गावाला मांस हवे होते, कालाबाला स्तुती हवी होती, ही कारणे आहेतच. माझे कारण वेगळे होते आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. वारा तोंडावर घेऊन, मोपानीच्या झाडाला टेकून उभी असताना मला कोणी हाक मारत नसे. पाणी आण नाही, कांड नाही, कुठे होतीस नाही. जनावर कान टवकारी, मी श्वास धरी, आणि तेवढा वेळ रानात फक्त आम्ही दोघेच असू. ते मला आवडत होते. पुरुष शिकारीबद्दल एवढे बोलतात, त्यात हे एक कोणी कधी बोललेले मी ऐकले नाही. बहुधा त्यांना हाकच कोणी मारत नाही.

एकदा जंगलखात्याचा रक्षक जेरेमाया न्यिरेंडा वाटेत आडवा आला.

"वहिनी, मोळीतून रक्त गळतंय."

"कोंबडी कापलीय."

त्याने मोळीतून वर आलेल्या टोकाला बोट लावले. "या गावात कोंबड्यांना शिंगं फुटायला लागली?"

"इथलं पाणीच तसं आहे."

तो माझ्या पावलांकडे बघत होता. म्हणाला, "वर्षभर एका माणसाच्या मागावर आहे. पाऊल लहान, टाच हलकी. साहेबांना लिहून दिलं, पोरगेलासा इसम आहे. आता बदलून कसं लिहू? साहेब मला खुळ्यात काढतील." मागचा एक पाय घेऊन तो गेला. स्वतःचे हसे होऊ नये म्हणून त्याने मला सोडली. पुरुषांच्या या भीतीने माझे एकदाच भले झाले.

आता कालाबाने शिकार सोडली ती गोष्ट. फेस्टसची शेकोटीवरची ही सगळ्यात लाडकी गोष्ट आहे. पाहुण्या बायका रडतात म्हणतो. शहरातली एक संस्था आली होती. बंदूक जमा करा, मधाच्या पेट्या घ्या. झाडाखाली खुर्च्या मांडल्या. कालाबाला पुढे बसवले, डोक्यावर टोपी घातली. तो उठून म्हणाला, "हरणाच्या डोळ्यांत मला माझी आई दिसली. आजपासून मी रक्त सांडणार नाही." टाळ्या झाल्या. ज्याने बारा पावसाळे चाप ओढला नव्हता, त्याने शिकार सोडली. दात पडल्यावर ऊस सोडावा तसा. मी मागे बायकांत बसले होते. माझी बंदूक हातोहात पुढे गेली आणि ट्रकात पडली.

घरी आल्यावर तो म्हणाला, "सुटलो एकदाचे."

"मला विचारलंत?"

"तुला कसं विचारणार? लोकांसमोर?"

पेट्यांतल्या माश्यांनी त्याला आठवड्यात फोडून काढला, तेव्हा मी मलम लावले. तो माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्याला मोठे नाव मिळाले की त्याचे ओझे दुसऱ्या कोणाला तरी वाहावे लागते.

सबब, शिंगांची व्यवस्था अशी. रानरेड्याचा जोड कालाबाचा, तो फेस्टसला द्यावा. बाकीची सर्व हरणांची, इम्पालाची, पुकूची आणि कुडूची ती मोठी पिळाची, माझी आहेत व ती म्वेन्याला द्यावीत. तिने पोरांची दप्तरे अडकवली तरी चालेल. कॅम्पच्या दारावर ती लागता कामा नयेत. जे परदेशी गृहस्थ विमानाने येऊन, दुसऱ्याने माग काढलेले जनावर तिसऱ्याच्या खांद्यावर बंदूक टेकून मारतात आणि त्याच्याशेजारी दात काढून फोटो घेतात, त्यांच्या नजरेला ती पडू नयेत. अशा एका गृहस्थाने जनावर मारून झाल्यावर, हे खातात का, असे विचारलेले मी ऐकले होते.

कलम तिसरे. माझ्या शेळ्या म्वेन्याची मुलगी मापालो हिला द्याव्यात. ती राजधानीत, लुसाकाला शिकते व शिकार म्हणजे खून असे मोर्च्यात फलक धरून सांगते. सुट्टीत येते तेव्हा दुकानातून कापलेली, पिशवीतली कोंबडी घेऊन येते. ती कोंबडी बहुधा म्हातारपणाने मेलेली असते. अट एकच: माझ्या मर्तिकाच्या जेवणाची शेळी मापालोने स्वतःच्या हाताने कापावी. त्यानंतर तिने फलकावर काय लिहायचे ते लिहावे. कदाचित तेच लिहील. मग मी ते खरे मानेन.

कलम चौथे. दारूची मडकी, चाळण्या व उखळ म्वेन्याकडे राहावे. तिला दारू जमत नाही, शिकावे.

कलम पाचवे. माझ्या मर्तिकाला बंदुका झाडाव्यात. आसपास ज्यांच्याकडे लपवलेल्या आहेत ते मला ठाऊक आहेत आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. शिकाऱ्यांचा नाच व्हावा. चर्चमधल्या बायकांनी मी शांत स्वभावाची होते असे बोलू नये. माझे नाव पुढे कोणाला द्यायचे झाल्यास ते मुलीला द्यावे, आणि नावाबरोबर पदवीही द्यावी. पंच हरकत घेतील. त्यांना हे दुसरे कलम वाचून दाखवावे, सावकाश.

कारकून म्हणतो, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. म्हणून मी साक्षीला न्यिरेंडा आणि माझी नणंद वेरोनिका यांना बोलावले. दोघांनाही काही मिळणार नाही, हे लिहिताना मला बरे वाटले.

सही करण्यापूर्वी हा सर्व मजकूर मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. न्यिरेंडा आता निवृत्त आहे. तो खाली बघून हसत होता आणि पायाचा उल्लेख आला तेव्हा खोकला. वेरोनिकाला नीट दिसत नाही. ती भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मला वाटले आता उठून जाईल.

तिने विचारले, "म्हणजे आम्हा सगळ्यांना तू खायला घातलंस?"

"हो, वन्सं."

"राख लावली होती आम्ही तुला."

"हो."

तिने मग अंगठा पुढे केला आणि शाई लावायच्या आधी मागे घेतला. "एक राहिलं. तेही लिही. तो लहानपणी गोफण मारायचा ना, तेव्हा डोळे मिटून घ्यायचा. दोन्ही. मला ठाऊक होतं. मी कधी कुणाला सांगितलं नाही."

"लिहू? भाऊ आहे तुमचा."

"माझ्या नावानं लिही."

त्यांच्या सांगण्यावरून, त्यांच्या नावाने लिहिले.

सही: एमेलिया कासुबा

साक्षीदार:
१. जेरेमाया न्यिरेंडा, निवृत्त वनरक्षक (सही)
२. वेरोनिका, सायमन कालाबाची थोरली बहीण (डाव्या हाताचा अंगठा, उजवा थरथरतो)

मुक्काम चिलेंगा, लुआंग्वा नदीकाठ
दिनांक १४ ऑक्टोबर २००६