दोरीवरची जनावरं

धाराशिव,
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

आक्काला इऱ्याचं वाकून शरणार्थ.

आधी कबूल करतो, मग खुशाली. म्या करू नये ते केलंय. मी साहेब झालो. खोटा. लगेच कपाळाला हात लावू नको, पुढं वाच.

फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, "इऱ्या, बास कर, आज कुणाचा आवाज काढतोयस?" तुझ्या सासऱ्यांच्या आवाजात फोन करून तुला दहा माणसांचा च्या टाकायला लावला होता, ते तू अजून विसरली न्हाईस. म्हणून लिवतोय. सारजामावशी उद्या मुरुमला येणार हाय, तिच्या हाती देतो.

आमी बरे आहोत. आईचा गुडघा हाय तसाच. संक्रांतीला आलो न्हाय, त्याला कारण माझं नवं काम.

इथं कोर्टाच्या मागं वैदेही मॅडम म्हणून वकील हायत. खून-मारामारीच्या केशी घेत न्हायत. पतसंस्थेचे चेअरमन, गुत्तेदार, मोठे अधिकारी, ज्यांच्या मागं सरकारची चौकशी लागते ती माणसं त्यांच्याकडं. सगळे इस्त्रीचे कपडे घालून येतात अन् पंख्याखाली बसून घामानं भिजतात. चौकशीला जायच्या आधी मॅडम त्यांची तालीम घेतात. एक खोटा साहेब खुर्चीत बसून आडवेतिडवे प्रश्न विचारतो, म्हंजी खऱ्यापुढं जीभ अडकू नये. एका गॅदरिंगला म्या तहसीलदारापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढले, ते मॅडमनी ऐकले अन् मला बोलावलं. अटी दोनच. कागदावरचेच प्रश्न विचारायचे. अन् खोलीतलं खोलीबाहेर न्यायचं न्हाय.

मला दोन्ही जमल्या न्हायत.

काल कोण आलं म्हणतीस? महालिंगप्पा. तुमच्या गावचे, दाजींचे मालक. मागच्या दुष्काळात माकणीकडं त्यांच्या संस्थेची जनावरांची छावणी होती न्हवं, तिची चौकशी निघालीय. नसलेली जनावरं दाखवून सरकारचं अनुदान उचललं म्हणून. मी त्यांच्याच माणसाचा मेव्हणा, हे म्या मॅडमना सांगायला पायजे होतं. न्हाय सांगितलं. साहेब व्हायची लई हौस.

"नाव?" म्हणलो.

"लिहिलंय की त्या कागदावर, पोरा."

म्या टेबलावर हात आपटला. "साहेब म्हणा!"

"व्हय साहेब," म्हातारा दचकला. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

पण पुढं सगळी पाठ केलेली उत्तरं. "आठवत न्हाय साहेब, बघून सांगतो साहेब." मला कंटाळा आला. अन् मला कंटाळा आला की काय होतं ते तुला म्हाईत हाय.

आक्का, इथपर्यंत लिहून मी बाहेर जाऊन च्या पिऊन आलो.

येळवसच्या सणाला शेतात आंबील पिता पिता दाजी काय बोलले ते आठव. छावणीत जनावराच्या कानात बिल्ला मारायचे, मोबाइलनं तो टिपला की त्या जनावराची हजेरी. मालकानं उरलेले बिल्ले दोरीला ओवायला लावले. दाजी म्हणले, "मी रोज दोरीची हजेरी घ्यायचो. चारा खात न्हाय, शेण टाकत न्हाय, लई गरीब जनावर!" आपण पोट धरून हसलो. तू बी हसलीस.

तेच म्या विचारलं. "आणि ती बिल्ल्यांची दोरी, महालिंगप्पा? ती दूध किती द्यायची?"

म्हाताऱ्याचं तोंड पांढरंफटक. मॅडमनी मान वर केली. "कसली दोरी?"

तिथं थांबायचं की न्हाय? मला चेव आला. "श्रीशैल सगळं ओकलाय," म्हणलो.

दाजींचं नाव, आक्का. माझ्या तोंडानं. नुसतं म्हातारा कसा दिसतो ते बघायला.

महालिंगप्पांनी मॅडमकडं बघितलं. मग हळूच म्हणले, "त्यानंच केलंय साहेब. बिल्ले त्याच्याकडं, मोबाइल त्याच्या हातात. मला काय म्हाईत?"

मला वाटलं, आता मॅडम मला हाकलतात. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "हे खरं आहे का? मला खोटं चालणार नाही."

"खरंय मॅडम."

"मग आधी का नाही बोललात? सोमवारी चौकशीत हेच सांगायचं."

त्या खोलीत यायच्या आधी त्या माणसाच्या डोक्यात दाजी नव्हतेच गं. ते म्या घातले.

जाताना म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. "वाचवलंस बाबा." अन् मॅडम म्हणल्या, "तो प्रश्न कुठून काढलास?"

"असाच. अंदाजानं."

"हुशार आहेस."

जल्मात पहिल्यांदा मला कुणी हुशार म्हणलं, अन् मला ते शिवीगत लागलं. मॅडम वाईट न्हायत. त्यांनी त्यांचं काम केलं. म्या काय केलं?

आता नीट ऐक. सोमवारच्या आधी दाजींना घेऊन सोलापूरला जा, तिथला वकील बघा. इकडं मॅडमकडं येऊ नका, त्या महालिंगप्पाच्या वकील हायत. दोरी कुणी ओवायला लावली, ते दाजींनी चौकशीच्या साहेबाला आधी जाऊन सांगितलं तर कुणी ऐकंल. मालकानंतर सांगितलं तर म्हणतील, हा अंगावरचं झटकतोय. दोरीला हात दाजींचे लागलेत, हे काय खोटं न्हाय. त्या खुर्चीत बसून मला एवढं कळाय लागलंय.

पण मला कसं कळलं, ते कुणाला बोलू नको. मॅडमना समजलं की तालमीतलं बाहेर गेलं, तर त्यांची वकिली अडचणीत येईल. आईला सांगू नको, ती अंथरूण धरंल. अन् दाजींना तर मुळीच न्हाय. मी दहावीला नापास झालो तवा आख्ख्या घरात ते एकटेच माझ्याशी बोलत होते.

ते विचारतील, कुणी सांगितलं तुला? आक्का, पाया पडतो. कुणाचंबी नाव घे. माझं तेवढं सांगू नको.

तुझाच,
इऱ्या