अर्धं ताट

९ फेब्रुवारी
घरी आलो. शहाद्याला उतरलो, उसाच्या ट्रॅक्टरवर फाट्यापर्यंत, पुढे पायी. मी कामाला आहे ते हार्वेस्टर दुरुस्तीला लागलंय, गव्हाला अजून वेळ आहे. मालक म्हणाला, फोन करतो. तोवर कुठेतरी पडायचं म्हणून इथे. दुसरं काही कारण नाही.
जवळजवळ दोन वर्षांनी आलो. माय ओट्यावर बसलेली. मला बघून म्हणाली, "तू नही शे तो." म्हणजे मी तिचा मुलगाच नाही. मग बराच वेळ माझे पाय बघत राहिली. शेवटी सरकून जागा दिली.
राणू बाहेर आली नाही. दुपारचे चार, शाळेचा दिवस, आणि सहावीतली पोरगी आत झोपलेली. हलवलं. डोळे उघडले, "दादा" म्हणाली, परत झोपली. जीभ जड. कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही.

१० फेब्रुवारी
जेवण काकूकडून येतं, दोन्ही वेळ डबा. आप्पा-काकू पुढच्या घरात, आमच्या दोन खोल्या मागे. वडील गेल्यापासून असंच. शेतही आप्पाच बघतात.
डबा आला की माय दाराला कडी लावते. एकच ताट घेते. पहिला घास राणूने खायचा. माय तिच्या गळ्याकडे बघत बसते. घास उतरला की मग ती स्वतः. "अर्धं तू, अर्धं मी." भाकरीसुद्धा मधोमध मोडून. मी बसायला गेलो तर म्हणे, "तू भायेर खाय."
राणूला विचारलं, कधीपासून. "तू गया तवयपासून."
मायला वाटतं जेवणात कोणी काहीतरी टाकतं. जुनंच आहे हे. मी होतो तेव्हा फक्त केळी खायची, स्वतः सोलून. एकदा वैतागून मीच म्हणालो होतो, केळ्यातही सुईने टाकता येतं. झालं. केळीपण बंद.
हे मी कोणाला सांगितलेलं नाही.
समोर पपईची गाडी भरत होते. एकेक पपई पेपरात गुंडाळून, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तशी. तासभर तेच बघत बसलो. राणूची शाळा बघायला जायचं होतं, राहिलं.

१२ फेब्रु.
शाळेत गेलो. सरांनीच बोलावलं होतं. "बाकावर लाळ गाळते. उभं केलं तरी झोपते. अक्षर बघा हिचं." वही दाखवली. अक्षरं मुंगीएवढी, ओळीच्या शेवटाला तर नुसते ठिपके. चौथीतली वही घरी आहे, त्यात हिचं अक्षर टपोरं होतं.
"घरातलं वातावरणच तसं," सर म्हणाले. "आईचं येतंच पोरांत कधीतरी."
राणू तिथेच उभी होती. तिच्या तोंडावर म्हणाले. जसं काही गाढवासमोर बोलतायत. हात शिवशिवत होते. काही केलं नाही, "बरं सर" म्हणालो. "बरं सर"! मलाच दोन ठेवून द्यायला पाहिजे होत्या.
बाहेर दोन पोरं मागून ओरडली, "येडीनी आंडेर!" वेडीची पोर म्हणे. त्यांच्यामागे मात्र पळालो. एक सापडला. रडायला लागला म्हणून सोडला.

१४ फेब्रु. दु.
सकाळी प्रार्थनेला राणूची मान वाकडी झाली. डावीकडे, वर. सरळ होईना. डोळेपण वर गेलेले. पोरं लांब पळाली. सरांनी तिला घरी पोचती केली, उंबऱ्यातूनच परत गेले.
आप्पा ओट्यावर उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "इले बी लागनं." हिलाही बाहेरचं लागलं म्हणे; रविवारी नेणार तिला डोंगरातल्या त्या बाबाकडे. मायला नेलं होतं तोच. तीन दिवस साखळीला. मायच्या घोट्यावर काळा पट्टा आहे अजून.
अकरा वर्षांची पोरगी.
मी म्हणालो, नेऊन तर बघा. आप्पा म्हणाले, "तू चार दिननं पाव्हनं. च्या पे आनि गप बस."
शेजारच्या नानाची मोटरसायकल मागितली. राणूला पुढे बसवलं, मान माझ्या दंडाला टेकवून. रस्ताभर रडत होती, पण आवाज नाही. तोंड उघडत नव्हतं.

१४, संध्याकाळ
आता लिहितो नीट.
शहाद्यातल्या डॉक्टरीण बाईंनी मान बघितली, घाबरल्या नाहीत. विचारलं, "हिला औषध कोणतं चालू आहे?" मी म्हणालो, काहीच नाही. "घरात कोणाला डोक्याचं औषध?" म्हटलं, मायला दिलेलं, पण ती कुठे घेते! बाईंनी एक इंजेक्शन दिलं. बसलो. भिंतीवर बाळाचा फोटो होता, एक डोळा मोठा. अर्ध्या तासात मान सरळ! आपोआप, जशी कधी वाकडी नव्हतीच. बाई म्हणाल्या, "हे औषधानेच होतं. नीट आठवा."
राणू फरशीकडे बघत होती. म्हणाली, "थेंब. काकूकडे."
घरी आल्यावर सरळ काकूच्या स्वयंपाकघरात गेलो. देव्हाऱ्यामागे बाटली. दोन वर्षांपूर्वी नंदुरबारच्या डॉक्टरने दिलेली: चव नाही, रंग नाही, जेवणात टाका. काकू रोज मायच्या डब्यातल्या भाजीत टाकते. दहा सांगितले होते. फरक पडेना म्हणून तिने स्वतःच वीस केले.
फरक कसा पडेल? अर्धे राणूच्या पोटात.
काकू चुलीशी बसली, पदर तोंडात. "माले काय माहीत, आतमा एकच ताट शे! दारले कडी ऱ्हास. मी तं तिन्हा भलासाठे टाकत व्हती." खरं बोलत होती. ते जास्त वाईट. शिवी द्यायला तोंड उघडलं आणि कोणाला द्यायची तेच कळेना.
आप्पांना कळलं. म्हणाले, "दोन वरीस कोठे मरेल व्हता तू? इथं ऱ्हाता तं तूच टाकता ते थेंब."
टाकले असते. हे त्यांचं बरोबर आहे आणि म्हणून अजून डोकं फिरतं.

१५ फेब्रु.
डबा तोच, थेंब बंद. राणूला बांधावर नेलं, मायपासून लांब. विचारलं, तुला आधीपासून माहीत होतं?
"हा. काकूले टाकताना देखं व्हतं."
"मंग सांगं का नही?"
"कोनले सांगू? मायले सांगं तं ती जेवावच नही. मंग आप्पा तिले आखो बाबाकडे लयी जातीन." पुढे म्हणाली, "मी भाजी कमी खात व्हती, भाकर जास्त. पन माय देखस ना. अर्धी म्हंजे अर्धी."
बोर खात होती. बी लांब थुंकली, माझ्यापेक्षा लांब. परत थुंकून दाखवली. मग म्हणाली, "तुन्हा फोन बी लागत नव्हता."
नंबर बदलला होता मी. मुद्दाम.

१६ फेब्रु.
तीन वर्षं, चार वर्षं, किती वर्षं माय सांगतेय, जेवणात टाकतात. आम्ही सगळे हसायचो. डोक्याशी बोट फिरवायचो. आणि टाकतच होते की! गल्लीतल्या कोणालाही विचारा वेडं कोण आहे ते.
डॉक्टरीण बाईंना फोन केला. म्हणाल्या, मुलीला थेंबभरही नको. पण आईचं एकदम बंद केलं तर त्रास वाढेल, तिला घेऊन या. कशी आणू? ती फाट्याच्या पुढे जात नाही.
आप्पांचा सल्ला: ताटं दोन करा, थेंब चालू ठेवा, तिला सांगू नका. "सांगशी तं कोनाच हातनं खावाव नही ती." काकू म्हणाली, आता वीसचे दहा करते. म्हणजे परत तेच. परत कडी, परत राणू.
मी सांगणार.

१७ फेब्रु.
सांगितलं. ओट्यावर, दिवसाढवळ्या, बाटली हातात घेऊन. माय, तुझ्या भाजीत हे टाकत होते. तुझ्या डोक्याचं औषध आहे. अर्धं राणूच्या पोटात गेलं, तिची मान त्यानेच वाकडी झाली.
वाटलं ओरडेल, दगड उचलेल. काहीच नाही. बाटली घेतली, उन्हात धरली, हलवली. मग आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसली, वेणी घातली आणि निघाली. दार दार. नानाकडे, किराणावाल्याकडे, पपईच्या गाडीवाल्याकडेसुद्धा. बाटली दाखवून एकच, "देखा. टाकत व्हतात. मी येडी नही."
लोक हो हो म्हणत होते आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. एकेकाचा डोळा फोडावा असं वाटत होतं.
नानाची बायको तेवढी म्हणाली, "हा माय, तुन्हं खरं निंघनं. बस, पानी पे." माय बसली. पाणी नाही प्यायली.

१८ फेब्रु.
काल सकाळपासून काही खाल्लं नाही मायने. राणूनेही नाही, ती नाही तर मी नाही म्हणते. आप्पा येऊन बघून गेले, चेहऱ्यावर "सांगितलं होतं ना". वर म्हणाले, अजून दोन दिवस बघतो, मग बाबाकडे दोघींना.
मी चूल पेटवली. मायसमोर तांदूळ, मायसमोर डाळ, मायसमोर मीठ. खिचडी करपली. राणू हसली! पहिल्यांदा हसताना बघितली आल्यापासून. माय म्हणाली, "असा सैपाक कोन शिकाडं तुले?" आणि खाल्ली चार घास. राणूने आधी खाल्ल्यावरच. पण खाल्ली.
मग बाटली मध्ये ठेवली. म्हटलं, हे लपवून नाही, तुझ्या हाताने घे. दहा थेंब, चमचाभर पाण्यात. बाई म्हणाल्यात.
बघत राहिली. "पहिले तू."
घेतले. काय करणार होतो? राणूकडे बघत होती ती.

२० फेब्रु.
काल काही लिहिलं नाही. लिहिता आलं नाही. दिवसभर पडून. झोप म्हणावी तर झोप नाही, आत कोणीतरी पळतंय आणि बाहेर हात उचलत नाही. जबडा आवळलेला. फोन वाजत होता, वाजू दिला. शेजारच्या कोंबड्या अंगावरून गेल्या, हाकलाव्या असं वाटलं आणि तेवढंच, वाटलं.
एक दिवस. मी बावीसचा, अंगाने धड.
राणूने हे घेऊन पाढे पाठ केलेत. रोज दप्तर भरून गेलीय शाळेत आणि त्या सरांचा मार खाल्लाय.
मायने थेंब नाही घेतले. मी पडलेला बघून म्हणाली, "मंग? माले हाऊच व्हस." म्हणजे औषधाने तिलाही हेच होतं. मग ओलं फडकं आणून कपाळावर टाकलं. ताप नव्हता.

२३ फेब्रु.
बाटलीवर मी पेनाने रेघ मारली होती, औषध कुठवर आहे ती. मायने बाटली तिच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. औषध तिचं, पेटी तिची. मागितली तर देत नाही. आप्पा म्हणाले फोड कुलूप. मी दारात उभा राहिलो. खूप बोलले, वडिलांवरून बोलले. हललो नाही.
माय दोन दिवस भिंतीशी जास्त बोलतेय. तेपण लिहायला पाहिजे.
राणू शाळेतून आली आणि झोपली नाही. माझ्याशी भांडली, माझा चार्जर लपवला. अक्षर आज मोठं, दोन ओळींमधली जागा भरेल एवढं.
मालकाचा फोन. गहू आला. २७ ला सकाळी गाडी फाट्यावर. मी हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

२६ फेब्रु.
मायने लुगड्यासाठी पेटी उघडली, तेव्हा बाटली दिसली. औषध रेघेच्या बोटभर खाली. घेतलं की मोरीत ओतलं? विचारलं तर म्हणे, "तुले काय करनं?" राणूलाही माहीत नाही.
डॉक्टरीण बाईंकडे येतेस का, परत विचारलं. नाही म्हणाली नाही. हो पण नाही.
दुपारी राणूने डाळ केली, माझ्यापेक्षा बरी. तीन ताटं मांडली, मुद्दाम. मी मनात म्हटलं, आता माय उधळणार. राणूने सवयीने घास उचलला, मायकडे बघत. मायने तिचा हात धरला.
"थांब. पहिले मी."
राणूच्या ताटातला घास घेतला, हळूहळू चावला, डोळे मिटून बसली. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत. मग ताट राणूकडे सरकवलं. "खाय आते."
नंतर माझं ताट ओढलं. त्यातलाही घास घेतला.
पिशवी भरून दाराशी ठेवलीय. मालकाचा फोन दोनदा वाजून गेला.
दाराची कडी आज लावलेली नव्हती, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.