आवाज गेल्यानंतरचे दिवस

पेश्ट, ३ फेब्रुवारी १८७९

आधी कप पडला, मग अंब्रुश. मी पहिल्यांदा कपाकडे पाहिलं — लिहितानाही लाज वाटतेय.

डॉक्टर फिशर दुपारी येऊन गेले. "जिवाला धोका नाही. उजवा हात येईल हळूहळू." मी विचारलं, आणि बोलणं? ते चष्मा पुसत बसले.

५ फेब्रुवारी

घर इतकं गप्प कधीच नव्हतं. सत्तेचाळीस साली अंब्रुश जिल्ह्याच्या सभेत टेबलावर उभा राहून बोलत होता. मी अठराची, आईच्या मागे. त्याचं राजकारण मला ओ की ठो कळलं नाही, पण ठरवून टाकलं — लग्न करीन तर या आवाजाशी. पुढच्याच वर्षी केलं. ऑस्ट्रियाविरुद्धची क्रांती बुडाल्यावर दोन वर्षं किल्ल्यात कैद झाली, तिथे पहारेकऱ्यांनाही भाषणं द्यायचा म्हणे. मग संसद. होंती अंब्रुश बोलणार म्हटलं की गॅलरीत उभं राहायला जागा नसे. आता वसंतात शाळांचं बिल येतंय — देशातल्या प्रत्येक गावशाळेत हंगेरियन सक्तीची, मग पोरांची घरची भाषा कुठलीही असो. बिलाच्या बाजूने त्याचं भाषण जानेवारीतच लिहून झालंय. बारा पानं. टेबलावर तशीच पडली आहेत.

११ फेब्रुवारी

माझा हात धरून झोपला. डाव्या हाताने.

२० फेब्रुवारी

आज बोलला. आन्चा सूप घेऊन आली, तर तिच्याकडे बघून म्हणाला, "वोदा." मला वाटलं, नुसताच आवाज. आन्चाने वाटी खाली ठेवली. "बाईसाहेब, पाणी मागतायत साहेब. आमच्या भाषेत."

आन्चा वरच्या डोंगरातली, स्लोवाक. अकरा वर्षं आमच्याकडे स्वयंपाक करते. इतक्या वर्षांत अंब्रुश तिच्याशी तिच्या भाषेत एक अक्षर बोललेला नाही. त्याच्या मतदारसंघातले स्लोवाक शेतकरी अर्ज घेऊन येत, तेव्हा हा दुभाषा बसवायचा.

मी बोललेलं सगळं त्याला समजतं. पण तोंडातून येतं ते स्लोवाकच. तो भिंतीकडे वळून रडला.

४ मार्च

काल्मान आला होता — अंब्रुशचा पुतण्या, तोही संसदेत आहे. "काकू, काका नुसते येऊन बसले तरी पुरे. भाषण मी वाचीन." तेवढ्यात आतून अंब्रुशचा आवाज, आन्चाशी बोलताना. काल्मानने कान टवकारले. "कोण आहे आत?"

"आन्चाचा भाऊ आलाय गावाहून."

"आवाज ओळखीचा वाटतो."

"सर्दी झालीय त्याला," मी म्हटलं. काहीच्या काही. पण त्याला पटलं.

१५ मार्च

पन्नासाव्या वर्षी आन्चाकडे शिकवणी लावली आहे. ब्रेड. सुई. उशी. दुखतंय का. ती म्हणते, "बाईसाहेब, तुमच्या तोंडात गरम बटाटा आहे का?" अंब्रुशने ऐकलं आणि हसला. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. उद्या आणखी चुकीचं बोलीन.

२ एप्रिल

दोन दिवस तुकड्यातुकड्याने सांगत होता. जिथे मला कळलं नाही तिथे आन्चा होती.

त्याच्या जन्माच्या वेळीच आई गेली. गावातल्या एका स्लोवाक दाईने पाजलं, वाढवलं. सहा वर्षांचा होईपर्यंत तो तिलाच आई म्हणायचा. मग वडिलांनी मास्तर आणला आणि दाईला काढून टाकलं. ती तीन दिवस फाटकाबाहेर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी वडील त्याला फाटकाशी घेऊन गेले आणि म्हणाले, हंगेरियनमध्ये सांग तिला. त्याने सांगितलं — चालती हो. चूक न करता बोललेलं त्याचं पहिलं हंगेरियन वाक्य. वडिलांनी पाठ थोपटली.

आन्चा पदरासारखा ॲप्रन तोंडाशी धरून आत गेली.

एकतीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपते आहे.

१९ एप्रिल

हंगेरियन परत येतंय. वीस-पंचवीस शब्द. काल्मान खूश. भाषण घेऊन गेला. देण्याआधी मी अंब्रुशला विचारलं, देऊ ना? त्याने खांदे उडवले.

६ मे

मी गॅलरीत होते. काल्मानने बारा पानं वाचली, छान वाचली. टाळ्या. मग मतांसाठी नावं पुकारायला लागले. "होंती अंब्रुश." तो काठी धरून उभा राहिला. सगळं सभागृह उभं राहिलं त्याच्यासाठी.

"नाही," तो म्हणाला. स्वच्छ हंगेरियनमध्ये.

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, आणि खाली बसला. बिल त्याच्याशिवायही मंजूर झालं.

७ मे

वर्तमानपत्रं दयाळू आहेत. 'आजाराने थकलेले वृद्ध देशभक्त.' काल्मान कागद घेऊन आला, डॉक्टरांच्या सहीचा — ते 'नाही' आजारातली चूक होती, असा. "काकू, तुम्हीही सही करा. जीभ उलटी पडते त्यांची. परवा मीठ मागितलं, हवी होती साखर. सगळे समजून घेतील."

"त्याला नाहीच म्हणायचं होतं."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"मला सांगावं लागत नाही."

अंब्रुश खुर्चीत डोळे मिटून होता. इतका दमलेला, की त्याला विचारायचं माझ्या जिवावर आलं. काल्मान गेल्यावर मीच लिहायला बसले. दाईची सगळी हकिकत आणि त्याचं 'नाही' त्यातूनच आलं, असं लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि संपादकाकडे पाठवून दिलं.

१० मे

छापून आलं. काल्मानने निरोप पाठवला, आता या घरी येणार नाही. क्लबातून अंब्रुशची तसबीर उतरवली म्हणे. रस्त्यात एक ओळखीची बाई मला पाहून पलीकडे गेली. पण डोंगरातल्या एका शाळामास्तराचं स्लोवाकमधलं पत्रही आलं. आन्चाने मोठ्याने वाचलं. अंब्रुशने ते तिला तीनदा वाचायला लावलं.

१८ मे

आज त्याने वर्तमानपत्र मागून घेतलं. माझं पत्र बोट ठेवून ठेवून वाचलं. मग म्हणाला, अर्धं या भाषेत, अर्धं त्या, "मला... हो म्हणायचं होतं."

उद्याच दुरुस्ती छापायला देते, मी म्हटलं.

"नको. राहू दे." बराच वेळ शब्द शोधत होता. "तू लिहिलास तो अंब्रुश... बरा आहे."