अंबूबाईंकडचा डबा

प्रिय सुखदा,

तू चौदा तारखेचा टेम्पो ठरवलास, चाकणला माझ्यासाठी कामही बघून ठेवलंस, म्हणून रविवारपासून आवरायला घेतलं. आईच्या साड्या तू मागेच नेल्यास. राहिलं ते बारीकसारीक. तिच्या बसच्या पासांचा गठ्ठा, पितळी किसणी, मेट्रो नवीन आली तेव्हा आपण तिघं पीण्या स्टेशनापासून उगाच जाऊन आलो त्या दिवशी तिनं घेतलेला प्लास्टिकचा गजरा. हे सगळं खोक्यात बसलं. अडलं ते माळ्यावरच्या एका स्टीलच्या डब्यापाशी.

तो शेजारच्या अंबूबाईंचा. आई गेली त्या दिवसांत आपली चूल बंद होती, तेव्हा त्यांनी त्यातून भात आणून दिला होता. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे तुझ्या आईनं इतकं पाळलं की घरात काही नसलं तर मूठभर साखर तरी घालायची. मला वरणभातापलीकडे येत नाही. आज देऊ, उद्या देऊ करत डबा तीन वर्षं माळ्यावर राहिला. अंबूबाईंनी कधी मागितला नाही.

आपण इथं आलो तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. आईला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. शेजारी मराठी बोलतात म्हणून ती हरखली, आणि अंबूबाईंची मराठी ऐकून घरात येऊन पोट धरून हसली. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या इथलं, मराठीत निम्मं कन्नड. पुढे दोघींचं मिळून एक वेगळंच बोलणं तयार झालं. चिकपेटचा बाजार तिला त्यांनीच दाखवला. तिथून दोघींनी एकसारखे डबे आणले, नावं घालून. मी कारखान्यातून आलो तेव्हा दोघी पायरीवर डबे पालथे घालून बघत बसल्या होत्या. मी काही बघितलं नाही. हातपाय धुऊन दिवा लावायला गेलो.

या शनिवारी मारुतीच्या नैवेद्याला शिरा केला. बुडाला थोडा लागला. देवाला दाखवून बाकीचा त्या डब्यात भरला आणि अंबूबाईंकडे गेलो. डब्याखाली कन्नड अक्षरं, म्हणून तो त्यांचा, असं मी धरून चाललो होतो. इथं चोवीस वर्षं काढली, पण बस अजून आकड्यावरून ओळखतो. अंबूबाईंनी डबा उचलून खाली बघितलं आणि म्हणाल्या, ‘काय हो अण्णा, हा माझा कुठला? अंजलीचा. माझा माझ्याकडं आहे. बायकोचं नाव वाचता येईना होय तुम्हाला?’ मग त्यांनीच सांगितलं. नाव घालणाऱ्याला मराठी अक्षरं येत नव्हती. अंबूबाई म्हणाल्या, राहू दे. तर आई म्हणाली, कन्नडमध्येच घाला, आता मी इथलीच. दवाखान्यात जायच्या सकाळी तिनं त्याच डब्यातून त्यांना धपाटे दिले होते. मला ते माहीतच नव्हतं. अंबूबाईंनी नंतर भात घालून तिचाच डबा परत केला होता, एवढंच.

मी म्हटलं, शिरा काढून घ्या, डबा लगेच द्या, बांधाबांध चालली आहे. त्या म्हणाल्या, ‘रिकामा कसा देऊ? स्वल्प थांबा की.’ आणि डबा आत घेऊन गेल्या.

तो अजून आलेला नाही. मी दोन दिवस विचार केला. फोन न करता लिहितो आहे, कारण फोनवर तू वाद घातला असतास आणि मी हो म्हणून बसलो असतो. टेम्पो नको म्हणून कळव. चाकणच्या माणसालाही माझ्या वतीनं सांग, त्यांचा खोळंबा नको. तू मात्र चौदाला ये. येताना आई धपाट्यांत काय काय आणि किती घालायची ते लिहून आण. डबा आला की पाळी आपली आहे.

तुझाच,
बाबा