बाहेरची खोली स्वयंपाकाला

मी, बेबी कमलाकांत मानकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार गिरगाव, मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. गुडघ्यांबद्दल मात्र त्यांना तसे काही लिहिता आले नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट ज्यांना द्यायचे होते त्यांतल्या एकाने घ्यायला नकार दिला, म्हणून हा मजकूर दुसऱ्यांदा लिहावा लागत आहे. आधीचा मसुदा फाडला आहे.

बेबी हेच माझे कागदोपत्री नाव. वडील नीट नाव ठेवू म्हणत राहिले आणि ते राहूनच गेले. पुढे कोणी नावावरून खुसपट काढू नये म्हणून नमूद करते.

१. माझे पती कमलाकांत हयात नाहीत. मुलगा यतीन, सून आणि नात आरोही ठाण्याला राहतात. यांच्याखेरीज मला वारस नाही.

२. माझ्या मालकीची तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा आहे. भाडेकरूंनी मिळून चाळ विकत घेतली तेव्हा ती कमलाकांतांच्या नावे झाली आणि त्यांच्या मागे माझ्या. या जागेची व्यवस्था कलम ५ मध्ये आहे. ती तशी का केली, हे यतीनला नीट कळावे म्हणून आधी पुढची दोन कलमे लिहिते. ती त्याने गाळू नयेत.

३. कमलाकांत परळच्या एका इस्पितळात होते तेव्हा मी संध्याकाळी पाय मोकळे करायला खाली उतरत असे. बाहेर फुटपाथवर माणसे झोपत. काही गावाहून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक, काही कायमचीच तिथली. अक्षता सोनावणे नावाची बँकेत काम करणारी मुलगी आणि तिचे यजमान राजरत्न तिथे उसळ-भात वाढीत. दोघे परळच्या चाळीतले. एकदा गर्दी फार झाली, तेव्हा अक्षताने ओळखदेख नसताना माझ्या हातात डाव दिला आणि म्हणाली, "काकी, भात तुम्ही घ्या. आधी विचारा, मग वाढा." कमलाकांत गेल्यावरही मी बुधवारी आणि रविवारी जात राहिले. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरे होते.

पुढे त्यांच्या चाळीत गॅलरीत शेगडी पेटवायला शेजाऱ्यांनी हरकत घेतली. मी म्हटले, माझी बाहेरची खोली रिकामीच आहे. तेव्हापासून स्वयंपाक इथे होतो आणि टोप राजरत्नच्या टेम्पोतून परळला जातात. येणारेजाणारे दहा-बारा जण आहेत. कोणी नोकरदार, कोणी कॉलेजातले, एक निवृत्त कंडक्टर. भांडणे होतात. मिठावरून सर्वांत जास्त.

४. सीताराम भिकाजी जाधव यांच्याविषयी. हे गिरगावातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका छापीत आणि तिथेच झोपत. छापखाना बंद झाला तेव्हा नोकरी आणि छप्पर एकदमच गेले. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हते. ते इस्पितळाबाहेर आमच्या पंगतीला येत. एके दिवशी जेवून झाल्यावर ताट विसळून ठेवले आणि टोप उचलायला हात लावला. पुढच्या रविवारी गिरगावात माझ्या दारात उभे. म्हणाले, जेवतोय तर थोडे कामही करतो. लसूण सोलणे, तांदूळ निवडणे, पाणी भरणे ही कामे त्यांनी घेतली. शेजारच्या एका बाईंनी आडनाव विचारून घेतल्यावर मला बाजूला नेऊन विचारले, हा पाण्याच्या पिंपाला हात लावतो का? मी म्हटले, पिंप तेच भरतात. त्या बाई त्यानंतर आमच्याकडे पाणी प्यायल्या नाहीत. त्यांना तहान कमी असावी.

गेल्या वर्षी एका रविवारी यतीन न सांगता आला. बाहेरच्या खोलीत सगळे होते. सीताराम कमलाकांतांच्या आरामखुर्चीत बसून लसूण सोलीत होते. तिथे मीच बसवले होते, त्यांची कंबर धरली होती म्हणून. यतीन दारातूनच बोलला, "आई, हा माणूस जेवायला येत नाही. हा जागेवर डोळा ठेवून येतो."

मी थांबले, कारण मला वाटले यतीनच आता काहीतरी बोलून ते सावरील. सीतारामांनी हातातली पाकळी सोलून ताटलीत ठेवली, हात धुतले आणि गेले.

ते पुन्हा आले नाहीत. इथेही नाही आणि परळला जेवायलाही नाही. मी आणि अक्षताने चर्नी रोडपासून प्रभादेवीपर्यंत जिथे जिथे माणसे झोपतात तिथे विचारले. अखेर राजरत्नला ते लालबागच्या पुलाखाली सापडले. अंगात ताप, बोलणे असंबद्ध. त्यांना दाखल केले. तिथल्या बाईंनी विचारले, नातेवाईक कोण? मी म्हटले, लिहा मला. नाते काय लिहू, म्हणाल्या. त्यांनीच बहीण लिहिले आणि मी ते खोडायला सांगितले नाही.

बरे झाल्यावर राजरत्नच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, त्यांना परळच्या आपल्या खोलीवर नेले. अप्पा एकटेच असतात. मुलगा-सून त्याच मजल्यावर दुसऱ्या खोलीत. त्यांनी विचारपूस केली नाही, सतरंजी घातली. सीताराम पुन्हा कामाला येऊ लागले, पण माझा उंबरा ओलांडत नाहीत. बाहेर ओट्यावर बसून लसूण सोलतात. मी रागावून पाहिले, समजावून पाहिले. माणूस हट्टी आहे.

५. जागेची व्यवस्था. पहिल्या मसुद्यात मी आतली खोली सीतारामांना हयातभर राहण्यासाठी दिली होती. मसुदा वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "बाई, खोली घेतली तर तुमच्या मुलाचं बोलणं खरं होईल."

मी विचारले, मग तुम्हाला काय देऊ?

"साक्षीदार म्हणून सही करू द्या. तुमच्या कागदावर माझं नाव असू दे, पण घेणाऱ्यांत नको."

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे तंटा होतो, असे वकिलांचे मत पडले. म्हणजे खोली किंवा सही, दोहोंतले एकच. त्यांनी सही घेतली. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

तेव्हा असे ठरवते: दोन्ही खोल्यांची मालकी माझ्यामागे यतीनची. मात्र बाहेरची खोली अक्षता आणि राजरत्न सोनावणे यांनी, ते व त्यांचे सहकारी स्वयंपाक करीत आहेत तोवर, विनाभाडे वापरावी. यतीनने त्यात अडथळा आणू नये. चाळ पाडून नवी इमारत झाली तर तिथेही तेवढी जागा त्यांना मिळावी. आतल्या खोलीला दुसरे दार नाही. यतीनला आपल्या खोलीत जायचे तर चूल पेटलेली असताना या माणसांमधूनच जावे लागेल. हे माझ्या लक्षात आले नाही असे कोणी समजू नये. जाता-येता त्याने कधी ओट्यावरच्या माणसाला आत बोलावले, तर माझे काम झाले.

६. बँकेतली शिल्लक यतीनची. माझ्या पाटल्या आरोहीला. तिने त्या मोडून काही केले तरी हरकत नाही, पण कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. मी ती चूक केली.

७. मोठे टोप, झारे, डाव, दोन्ही शेगड्या अक्षताला. संबार मसाल्याची आमच्या घरची कृतीही तिला. सासूबाईंची ताकीद होती की सुनेखेरीज कोणाला सांगू नये. माझ्या सुनेने एकदाही विचारली नाही. अक्षताने पहिल्याच आठवड्यात विचारली.

८. कमलाकांतांची आरामखुर्ची अप्पांना. ती त्यांनी परळला आपल्या खोलीत ठेवावी. तिच्यावर कोण बसते हे पाहायला मी येणार नाही.

९. जेवणाऱ्यांचे फोटो कोणी काढू नयेत. एका मंडळाच्या लोकांनी तांदूळ देऊन मागे फलक लावला होता आणि माणसांना घास हातात धरून थांबायला सांगितले होते. त्यांचा तांदूळ मी परत पाठवला. राजरत्न त्यावर माझ्याशी आठवडाभर बोलला नाही, कारण त्या बुधवारी भात कमी पडला. त्याचेही बरोबर होते. तरी फोटो नकोत.

१०. माझे दिवस वगैरे घालू नयेत. मी गेले तो वार बुधवार किंवा रविवार असेल, तर आधी परळला जेवण पोचवावे आणि मग मला न्यावे. मला घाई नसेल.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अक्षता राजरत्न सोनावणे यांनी करावी.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे आणि त्यांनी माझ्यासमोर केली आहे. सह्यांच्या वर थोडी जागा उरली, तिथे हे मागाहून लिहिते: सहीसाठी सीतारामांना घरात यावे लागले. वकिलांनी ओट्यावर कागद न्यायला नकार दिला, त्याबद्दल त्यांची आभारी आहे. नाव लिहून झाल्यावर सीताराम 'राहणार' या शब्दापाशी थांबले आणि पेन खाली ठेवू लागले. अप्पा सोबत आले होते. ते म्हणाले, "लिही की. आपलाच पत्ता आहे."

ठिकाण: गिरगाव, मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही)
बेबी कमलाकांत मानकर

साक्षीदार १: (सही)
डॉ. हर्षवर्धन विजयकर, राहणार खोताची वाडी, गिरगाव

साक्षीदार २: (सही)
सीताराम भिकाजी जाधव, राहणार अप्पा सोनावणे यांच्याबरोबर, दुसरा मजला, परळ