समुद्रकाठी कूलरला स्पर्धा नाही

३ मे, सकाळ
ठरलं. आम्ही समुद्रकाठी राहायला जाणार. बातमी पक्की आहे, कारण ती मीच पक्की केली आहे. बायकोला, रूपालीला, अजून सांगितलेलं नाही.

काल पारा ४५.२. शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या शाहबाजने मोबाइलवर असं दाखवलं, जणू त्यानेच पेटवलंय. मोहिनीचा घोळणा पुन्हा फुटला. सहा वर्षांची पोरगी, नाकाला ओला रुमाल धरून फरशीवर पडलेली. रुमाल लाल. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेने होतं, घर गार ठेवा. हे मला सांगतात! जळगावात अकरा वर्षं कूलर बनवतोय मी.

रूपाली म्हणाली, "घर गार ठेवायला घरात कूलर लागतो." टोमणा होता. घरचा कूलर गुरुवारी विकला. दुकानातला माल संपलेला आणि गिऱ्हाईक थेट बोदवडहून आलेलं. घरचा विकण्याचा हा सलग तिसरा उन्हाळा आहे म्हणून काय झालं? आठ दिवसांत नवीन बसवणार होतो.

या शहरात माणसाने राहूच नये.

५ मे
तीन तास इंटरनेटवर अभ्यास. माझ्या अटी: भाडं परवडणारं, शाळा चालत, दवाखाना जवळ, समुद्र दिसावा पण घरात येऊ नये.

अलिबागचे भाव वाचून फोन उलटा ठेवला. एका एजंटने विचारलं, "वीकेंड होम हवंय का?" मी म्हटलं, सोमवार ते रविवार होम हवंय. त्याने फोन कापला. उद्धट.

शेवटी शेवरखाडी सापडलं. रत्नागिरी जिल्हा, खाडीच्या तोंडावर. दोन खोल्या, साडेतीन हजार. शाळा सात मिनिटांवर. मालकीण पुष्पाबाई, घरगुती खाणावळ चालवतात. आणि मुख्य म्हणजे त्या गावात, पुढच्या गावात, तालुक्याला, कुठेही कूलरचं दुकान नाही. तीनदा विचारून घेतलं. नाहीच. म्हणजे स्पर्धा शून्य! इतकी साधी गोष्ट आजवर कोणाच्या डोक्यात कशी आली नाही?

७ मे
रूपालीला सांगितलं. आनंद नाही, कौतुक नाही. म्हणाली, "शाळेचा दाखला ३१ तारखेच्या आत काढावा लागेल. तोवर काय ते नक्की सांगा. मागच्या वर्षीसारखं महाबळेश्वर करू नका."
महाबळेश्वरचा विषय काढायची काहीही गरज नव्हती.

शाहबाजही तसलाच. "हेमराजभाऊ, जुलैत तुमच्याच शटरला कुलूप असतं ना? हवा ओली झाली की कूलर कोण घेतो? आणि समुद्रावर तर बारा महिने जुलै."
माझ्या निम्म्या मोटारी त्याच्याकडे रिवाइंडिंगला जातात. मी गेलो तर त्याचं कसं होणार? पोटदुखी ओळखू येते मला.

९ मे
धरणगावला आबांकडे गेलो. वडील आहेत, आशीर्वाद घ्यायला हवा. आबा हातातला कांदा फोडत म्हणाले, "समुदर ते शे, पन तुना कूलर तठे कोन लेई?"
तिथे कूलर कोण घेणार, हा तर शाहबाजचाच प्रश्न; त्याने फोन केलेला दिसतोय.

१२ मे
आभाळ आलं. पारा ३९ वर. दुपारी तीनपर्यंत एक गिऱ्हाईक नाही. मे महिन्यात ही काय थट्टा चालवली आहे? उन्हाळा आहे तर उन्हाळ्यासारखा वागावा. संताप संताप झाला.
मोहिनी दिवसभर अंगणात खेळली. तेवढं बरं.

१५ मे
सामान बांधणं. निघण्याआधीच भांडण. रूपालीने दहा किलो तिखट शेव, काळा मसाला आणि भाकरीसाठी कळण्याचं पीठ घेतलं. आठ दिवसांच्या पाहणीला कळण्याचं पीठ! मला कूलरच्या वाळ्याच्या जादा ताट्या न्यायच्या होत्या. मी आवाज चढवला. तिच्या पिशव्या जाणारच, ताट्या मी मांडीवर घेईन.

कूलर सुकदेवच्या केळीच्या ट्रकमध्ये घातला, चिपळूणपर्यंत. मोठा, लोखंडी, अठरा इंची पंखा, निळा रंग. आता बघाच.

१७ मे, शेवरखाडी
दोन गाड्या बदलून पोचलो. समुद्र आहे, मी स्वतः पाहिला. पारा ३३. तेहतीस! मोहिनीचं नाक कोरडं, पोरगी वाळूत लोळते आहे. माझा निर्णय बरोबर ठरला याची इथे नोंद करून ठेवतो.
बनियन चार वेळा बदलला. प्रवासाचा शीण.

१८ मे
कूलर आला. केळीचा वास येतोय, पण सुस्थितीत. पुष्पाबाईंच्या ओसरीवर प्रात्यक्षिक ठेवलं. पंधरा-वीस माणसं जमली. टाकी भरली, बटण दाबलं.

अर्ध्या तासात ताटलीतले पापड मऊ पडले. काडेपेटी पेटेना. ही डायरीसुद्धा फुगली आहे. पुष्पाबाई पदराने मान पुसत म्हणाल्या, "अहो भाऊ, इथे भिंतींना फुकट पाणी सुटतं, तुम्ही आणि वरून कशाला शिंपडता?" सगळे हसले. रूपालीही हसली. ती माझ्या बाजूने बसली होती!
कारण: व्होल्टेज कमी.

१९ मे
ताट्या बदलल्या. तेच. कारण: पाणी खारट असणार.

२० मे
विहिरीचं गोड पाणी भरलं. तेच. कारण: खिडकीची दिशा चुकली. हे घर बांधणाऱ्याला हवेतलं काही कळत नव्हतं.

२१ मे
पहिलं गिऱ्हाईक! बंदरावरचा माणूस. म्हणाला, "पाणी न घालता चालेल काय? पावसाच्या आधी बोंबील सुकवायचे होते." मी त्याला ओसरीवरून घालवून दिला. अकरा वर्षं गारवा विकलाय मी. बोंबील!
पुष्पाबाई म्हणाल्या, निदान भाडं तरी मिळालं असतं. यांना धंद्यातलं काय कळतं.

२२ मे
आज दुपारी खाणावळीत दोन गाड्या थांबल्या. आमच्याकडचीच मंडळी, चौदा जण, पक्की शाकाहारी. तीन दिवस कोकणात फिरत होती आणि जिथे जाल तिथे मासे. चेहरे उतरलेले. रूपाली आतमध्ये आमच्यापुरती शेवभाजी करत होती. फोडणीचा वास बाहेर गेला आणि एक आजोबा आपल्याकडचं माणूस शोधत, चप्पल न काढता सरळ चुलीपाशी आले. "कोन शे वं माय आपलं?"

चौदाच्या चौदा जण जेवले. कळण्याच्या भाकरी पुरेनात. पुष्पाबाई पाट्यावर ठेचा वाटत होत्या. मी लोकांना पाणी वाढलं, आणि वेळ साधून कूलरचं सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात कोपऱ्यातला एक जण उठला. "हेमराजभाऊ ना तुम्ही? बोदवडचा मी! अहो वहिनी, तुमच्या घरातून काढून दिलेला कूलर काय हवा फेकतो! पोरं दुपारी पांघरूण मागतात."

रूपालीने माझ्याकडे पाहिलं. मग शेवटची भाकरी त्याला वाढली. ती मी माझ्यासाठी ठेवली होती.

२३ मे
त्या लोकांनी कोणाकोणाला फोन केले देव जाणे. आज भुसावळची एक गाडी, एरंडोलची एक. पुष्पाबाईंनी फळीवर खडूने लिहिलं: खानदेशी शेवभाजी मिळेल. मला न विचारता. फळी माझ्या कूलरला टेकवून ठेवली आहे.

कूलरची मागची ताटी मी काढून ठेवली होती. तिथून पुष्पाबाईंची कोंबडी आत शिरली आणि वाळ्यावर अंडी घालून बसली. मी हाकलायला गेलो तर बोटाला चोच मारली. मोहिनी माझ्यावरच ओरडली.

२६ मे
शाहबाजचा फोन. जळगाव ४६. म्हणाला, "भाऊ, कालपासून बारा जण तुमचं शटर वाजवून गेले. मी काय सांगू, मालक समुद्रावर हवा खातोय?"

रूपाली शांतपणे म्हणाली, "तुम्ही जा, सीझन आटपून घ्या. दाखला काढून पाठवा. आम्ही इथे राहतो. नऊ दिवस झाले, मोहिनीचा रुमाल पांढरा आहे."
मी म्हटलं, या घरातले निर्णय मी घेतो. मग निर्णय घेतला की मी जावं. ताट्या परत नेत नाही. त्यांवर कोंबडी बसली आहे.

३० मे, जळगाव
शाळेत गेलो. दाखला काढायचं कारण विचारलं. लिहिलं: कुटुंबाचे समुद्रकाठी स्थलांतर. कारकून म्हणाला, "वा! कधी निघताय?" मी म्हटलं, बायको-पोरगी पोचल्यासुद्धा. तो म्हणाला, "नाही, तुम्ही कधी?" चोंबडा माणूस. दाखला स्पीड पोस्टाने पाठवला.

४ जून
आठ दिवसांत एकोणीस कूलर गेले, विसावा घरात बसवला. उभं राहायला वेळ नाही आणि घरी जेवायला कोणी नाही. शाहबाजची बायको नसीमवहिनी डबा पाठवते. शाहबाज रोज विचारतो, "समुद्रावर स्पर्धा वाढली का, भाऊ?" त्याच्याकडच्या मोटारी परत मागवणार होतो. उद्या बघू.

११ जून
बातमी पक्की आहे. मोहिनीने फोनवर सांगितली: पहिलीत प्रवेश झाला. सोमवारपासून शाळा. नाक ठीक. आईला वेळ नाही, आतमध्ये सोळा पानं बसली आहेत. परवा सुकदेवच्या ट्रकने शेव पंधरा किलो आणि भरताची वांगी पाठवायची आहेत. वांगी हिरवी बघून घ्या, जून नकोत, असं रूपालीने मागून ओरडून सांगितलं. तुम्ही कधी येताय, असं विचारलं नाही. गडबडीत राहिलं असणार.

दुपारी कासोद्याहून गिऱ्हाईक आलं. दुकानात एकही नग नव्हता. म्हणाला, घरचा असेल तर द्या, लहान पोर आहे. मी नाही म्हटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. घरचा कूलर घरात राहिलाच पाहिजे.

आता तो समोर चालू आहे. फार सुरेख हवा. तीन जणांना आरामात पुरेल.

अंडी सात आहेत. पिल्लं रविवारी निघतील असं पुष्पाबाईंचं म्हणणं आहे. मोहिनी त्यातल्या एकाचं नाव 'हेमराज' ठेवणार आहे. कोंबडा निघाला तर त्याचा रस्सा होतो, नाव ठेवायचं नाही, असंही पुष्पाबाईंनी तिला बजावलं आहे.