कार्डावरचा नंबर

३ फेब्रुवारी, मंगळवार

निळी पेटी. पत्र्याची, झाकणाला कडी, आत कप्पे. चर्च कमिटीच्या टेबलावर धाकटीने ती ठेवली आणि माझ्या घरोघरच्या भेटींच्या एकोणीस वर्षांवर कुणी फडकं फिरवल्यासारखं झालं. माझी सख्खी धाकटी जाऊ, माझ्याच डोक्यावरच्या खोल्यांत राहणारी — आणि मला पत्ता नाही!

"भेटसेवेसाठी साधनं," म्हणाली. मंडळीतली आजारी, म्हातारी, एकटी माणसं. त्यांच्या घरी जाईल त्याच्या हातात ही पेटी द्यायची. मोठ्या अक्षरांतली गीतं, शास्त्रपाठाची चार कार्डं, 'दारात गेल्यावर काय बोलावं, काय बोलू नये' असा तक्ता. आणि पेटीला पट्ट्याने बांधलेलं घडीचं स्टूल. म्हणजे आजाऱ्याच्या पलंगावर न बसता त्याच्या समोर बसता येतं. एकोणीस वर्षं मी काय लोंबकळत होते?

पाळकांनी तक्ता दोनदा वाचला. "ताई, बघा तरी," मला म्हणाले. बघितला. चांगला आहे. तेच तर दुखणं आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

एकशे बारा घरं. माझ्या वहीत आहेत, पण वहीची गरज नाही. कोणाला ऐकू येत नाही म्हणून खिडकीच्या काचेवर टकटक करायची, कोणाचा कुत्रा नेमका डावा पाय धरतो, कोणासमोर मुलाचा विषय काढायचा नाही. हे पेटीच्या कुठल्या कप्प्यात बसणार?

हे म्हणाले, "तू उगाच मनाला लावून घेतेस. पेटी तिची, माणसं तुझी."

म्हटलं, "तुमच्या भावाने तुमच्यापेक्षा मोठी गाडी घेतली तेव्हा आठवडाभर कोण गप्प होतं?"

पेपरात तोंड घातलं.

८ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर पाळकांनी पेटी वर धरून दाखवली. टाळ्या. वार्षिक अहवालात माझ्या कामावर एक ओळ असते, तीसुद्धा मीच तपासून देते. पलीकडच्या मंडळीतून आलेल्या एका बाईंनी तिथल्या तिथे दहा पेट्या मागितल्या. धाकटीचे कान लाल झाले. म्हणाली, "सगळं ताईंकडे बघूनच सुचलं मला."

असं म्हटलं की माणसाला धड रागावताही येत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

पेटीत आता एक कार्डही असणार. भेट संपली की त्या घरी ठेवून यायचं. 'बोलावंसं वाटलं तर फोन करा. रोज चार ते सात.' खाली नंबर. फोन धाकटी घेणार. त्यासाठी वेगळा नंबर घेतलाय बाईंनी. चारशे कार्डं छापायची आहेत.

पाळक स्वतः सगळी प्रूफं घेऊन आले. "तुमच्या नजरेखालून गेलं की आम्ही निर्धास्त." बरोबरच आहे. छापखान्यात एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? निवृत्तीच्या दिवशी मालक म्हणाले होते, या बाईंच्या हातून एक वेळ जेवण सुटेल, चूक सुटायची नाही. सगळे हसले. मी अजून ते वाक्य मनात घोळवते.

आणि आता तिचं प्रूफ मी वाचायचं. तिच्या टाळ्यांसाठी माझे डोळे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी नऊला बसले. लाल पेन, पट्टी, चष्मा. गीतांत दोन ऱ्हस्व-दीर्घ. तक्त्यात 'सांत्वन'चं 'सात्वन'. एक पूर्णविराम गायब. सगळं दुरुस्त केलं, अगदी मन लावून.

शेवटी कार्ड. आकडे मी कायम शेवटाकडून वाचते. सरळ वाचले की डोळा पुढचं गृहीत धरतो. मूळ कागदावर धाकटीच्या अक्षरात शेवटचे दोन आकडे ६७. प्रूफावर ७६.

पेन टेकवलं. उचललं. चहा करून प्याले. परत येऊन बसले. ७६.

वरून तिचं हसू ऐकू आलं. कुणाला तरी फोनवर पेटीबद्दलच सांगत होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

'छापण्यास हरकत नाही' लिहिलं. सही केली. मी चूक केलेली नाही. चूक तिथे होतीच.

२२ फेब्रुवारी, रविवार

पेट्या आल्या, कार्डं आली. बारा जणांनी भेटीला जायला नावं दिली! एकोणीस वर्षं मी विनवण्या केल्या तेव्हा तिघे मिळाले होते, त्यातले दोघे माझे नातेवाईक. स्टुलाचा महिमा.

माझ्याही हातात एक पेटी दिली. घेतली. न घेऊन सांगते कुणाला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आजपर्यंत साठेक कार्डं वाटून झाली. जिन्यात धाकटी भेटली. सहज विचारल्यासारखं विचारलं, "येतात का गं फोन?"

"नाही ताई. नाही आला कुणाचा."

"येतील हळूहळू," मी म्हटलं. माझा आवाज किती गोड येऊ शकतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

२ मार्च, सोमवार

फोन नाहीच. चार वाजले की वर तिचं दार बंद होतं, सातला उघडतं. तीन तास बाई एका मुक्या फोनसमोर बसते. आनंद व्हायला हवा. झालाही. पण मग मनात येतं. ते फोन जातात कुठे? बहुतेक नंबर बंदच असेल. कुणाचा नसेलच. असं मी धरून चालले आहे.

८ मार्च, रविवार

कमिटी. महिनाअखेरपर्यंत फोन आला नाही तर कार्डं थांबवायची, असं ठरलं. पाळक मला म्हणाले, "शेवटी तुमचीच पद्धत खरी, ताई. माणूस दारात लागतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकटी टेबलाच्या कडेवरचा रंग नखाने खरवडत होती.

जिंकले म्हणायचं. घरी येऊन भांडी घासताना गाणं गुणगुणत होते. हे म्हणाले, "आज काय विशेष?" काही नाही, म्हटलं.

१० मार्च, मंगळवार

टपालखात्यातून निवृत्त झालेल्या आजोबांकडे गेले होते. त्यांची बायको गेली त्याला वर्ष झालं. दर भेटीला ते भिंतीकडे बघत दोन शब्द बोलतात, मी प्रार्थना करते, निघते. आज दाढी केलेली, पडदे उघडे. स्वतः स्टूल पुढे सरकवलं.

"तुमच्या कार्डावरचे गृहस्थ फार भले आहेत हो," म्हणाले. "दिवसाआड बोलतो मी त्यांच्याशी."

"गृहस्थ?"

"तेच. चार ते सातवाले. आवाज जरा घोगरा आहे."

प्रार्थना कशी संपवली आठवत नाही. 'आमेन'च्या आधी 'बरं येते' म्हणाले बहुतेक.

११ मार्च, बुधवार

साडेचारला लावला तो नंबर. दोनच रिंगा.

"बोला. ऐकतोय मी."

ठेवून दिला. पाच मिनिटांनी परत लावला. मंडळीच्या कमिटीतून बोलतेय म्हटलं, कार्डावर चुकून तुमचा नंबर छापला गेलाय, तुम्हाला त्रास झाला असेल.

"नऊ वर्षं नंबर माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "इतके फोन कधी आले नव्हते. मी तुमच्या चर्चचा नाही बरं का. पहिल्या तिघांना सांगितलं, राँग नंबर. चौथी बाई रडतच होती. रडणाऱ्या माणसाला राँग नंबर कसं म्हणायचं?"

"मग काय म्हणालात?"

"बसा, म्हटलं. फोनवर! तिला हसू आलं."

लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, दार उघडेपर्यंत. आयुष्यभर तेवढं जमलं, म्हणाले. आता रोज चार ते सात कुठे जात नाहीत. अकरा जण करतात फोन.

ती रडणारी बाई कोण असेल, मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, नाव न घेता. "म्हणाली, आमच्याकडे येणाऱ्या बाई फार नेमाच्या आहेत. पण मी बोलायला लागले की वहीत लिहून घेतात. मग राहूनच जातं."

ती वही माझ्या मांडीवरच होती.

१२ मार्च, गुरुवार

गेले नाही कुठल्याच घरी. डोकं दुखतंय असं सांगितलं.

एकशे बारा घरं. अकरा फोन. आता हा एक मनुष्य मला खुपतोय! ज्याने माझ्या चुकीवर माझं काम माझ्यापेक्षा बरं केलं. काय जात आहे माझी — मेल्यावरही बहुधा शेजारच्या थडग्यावरची फुलं मोजेन.

१४ मार्च, शनिवार

परत फोन केला. सगळं सांगितलं. पेटी, टाळ्या, ६७, ७६, सही. धाकट्या जावेबद्दलही. एवढं सलग मी कुणाशी कधी बोलले नव्हते. मध्ये त्यांनी एकदाही 'हो का' म्हटलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

शेवटी म्हणाले, "चूक दिसली होती ना तुम्हाला?"

"दिसली होती."

"मग झालं. न दिसलेली दुरुस्त करता येत नाही. दिसलेली येते."

त्यांनी रागवायला हवं होतं. रागवले असते तर सोपं गेलं असतं.

१५ मार्च, रविवार

उपासनेनंतर कमिटीला थांबवलं आणि बसायच्या आत सांगून टाकलं. नंबर मला दिसला होता. मुद्दाम सोडला. अकरा माणसं एका परक्या गृहस्थाकडे गेली आणि त्यांनी ती सांभाळली.

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळू म्हणाले, "ताई, काही दिवस भेटींचं काम राहू दे." वही त्यांच्यासमोर ठेवली. एकोणीस वर्षं एका आवाजात टेबलावर पडली.

ते म्हणाले, त्या गृहस्थांना जाऊन भेटलं पाहिजे. मी पत्ता दिला. फोनवर त्या गृहस्थांनीच सांगितला होता.

मला वाटलं होतं धाकटी रडेल, नाहीतर ओरडेल. ती माझ्याकडे बघत होती, पण तिला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. घरी येताना माझ्या दोन पावलं मागून चालली. जिन्यापाशी "ताई" म्हणाली आणि वर गेली.

हे जेवले नाहीत. म्हणाले, "तू असं करशील वाटलं नव्हतं." मलाही नव्हतं वाटलं.

१६ मार्च, सोमवार

चारला त्या गृहस्थांना फोन केला. सांगितलं म्हटलं सगळ्यांना. मग म्हणाले, "बाई, हे खरं मी सांगायला नको. पण तुम्ही दोघी एकाच घरात राहता ना? पहिल्या दिवशी पहिला फोन तिचाच होता, कार्ड तपासायला केलेला. प्रूफ तुम्ही वाचलेलं, तेव्हा चूक कुणाची ते तिला तेव्हाच कळलं. बोलली असती तर तुमचं नाव आलं असतं, म्हणून गप्प बसली. तेव्हापासून रोज करते. म्हणते, परक्या दारात उभं राहिलं की घसा सुकतो, थोरलीसारखं नुसतं आत शिरता येत नाही, म्हणून तर पेटी केली. तुमचा हेवा वाटतो तिला."

सव्वाचार. वर दार बंद आहे. मी जाऊन वाजवते.